मागीलदारची म्हैस

पुनर्वसू नक्षत्र निम्मं सरलं होतं. त्याच्या पावसाला आमच्याकडे तरणा पाऊस म्हणतात, आणि त्या रात्री तो अंगात आल्यासारखा पडला होता. उजाडल्यावर काकू तोंड धुवायला मागीलदारी गेली आणि तिथूनच तिने हाक मारली, "अरे, ऊठ. कुणाची तरी म्हैस शिरल्ये तुझ्या तळ्यात."

मी पांघरूण टाकून धावलो. तळ्याच्या मधोमध खरंच एक काळी, तुकतुकीत, ओली पाठ पाण्याबाहेर आली होती. गडी माझ्या आधी पोचला होता. त्याने हातातल्या शिपटीने पाणी बडवून "हैक, हैक" केलं. म्हैस ढिम्म. मग त्याने लांब काठी आणून तिला बरगडीत ढोसलं. पाठ दबली आणि दोन फुटांवर दुसरी पाठ वर आली. गडी मागे सरला. "दादा," तो म्हणाला, "हिला हाडं नायत."

हाडं नव्हतीच. तो माझा कागद होता.

देशावर जे शेततळी बांधतात ते तळ्यात घालायच्या जाड काळ्या प्लास्टिकला 'कागद' म्हणतात. सरकारी भाषेत त्याला अस्तरीकरण म्हणतात, पण पोटात घालायच्या वस्तूला एवढं लांब नाव कोण घेणार? माझा कागद 500 मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा होता. विकणाऱ्याने त्याच्यावर हत्ती चालवला तरी फाटणार नाही असं सांगितलं होतं. हत्ती बाजूलाच राहिला. खालून म्हैस येईल हे त्याने सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

तळं कशासाठी, हे मला इथे आजवर कुणी सरळ विचारलेलं नाही. गावात निवृत्त होऊन आलेल्या माणसाला कुणी कारणं विचारत नाही. बँकेतली चौतीस वर्षं संपवून, डोंबिवलीचा फ्लॅट मुलाच्या हवाली करून आम्ही दोघं नवरा-बायको गुहागर तालुक्यातल्या घरी, काकूकडे आलो. असा माणूस आला की पहिले सहा महिने तो काहीतरी करतोच, हे गावाला ठाऊक असतं. माझ्या आधी आलेल्या एकाने गांडुळं पाळली होती, दुसऱ्याने इमू. मी निदान जागचं न हलणारं काही तरी निवडलं, असा माझा समज होता.

कल्पना सांगोल्याहून आली. तिथे माझ्या मेहुण्याची डाळिंबाची बाग आहे. आदल्या मार्चमध्ये आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. चहूकडे भाजलेला माळ, आणि त्यात आकाशाचा तुकडा कापून ठेवल्यासारखं त्याचं निळं चौकोनी शेततळं. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हा राज्यात अशी तळी झपाट्याने खणली गेली. मोठ्यात मोठं तळं 30 मीटर लांब, तेवढंच रुंद आणि 3 मीटर खोल, आणि अनुदान 50,000 रुपयांपर्यंत. मेहुण्याचं त्यातलंच. संध्याकाळी त्याच्या काठावर बसलो, वारा पाण्यावरून आला, आणि मी म्हणालो, "आपल्याकडे असं एक छोटं करायचं." मेहुणा हसला. "दाजी, तुमच्याकडं पाण्याला काय तोटा हाय? तळं कशाला?" मी म्हणालो, "कमळांसाठी." त्या क्षणापर्यंत माझ्या मनात कमळ नव्हतं, पण उत्तर द्यायला हवं होतं.

त्याच्या प्रश्नात माझ्या पुढच्या वर्षभराची सगळी फजिती बसलेली होती. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजारांच्या वर पडतो. तिकडे जमिनीतलं पाणी इतकं खोल की बोअर मारणारे देवाचं नाव घेऊन सुरुवात करतात. तिथे कागद अंथरला की तो आयुष्यभर अंथरलेला राहतो. त्याला खालून हात लावणारं कुणी नसतं. आमचं घर मात्र खलाटीत, सड्याच्या पायथ्याशी. मागे आगर, आगराच्या कडेने व्हाळ. पावसाळ्यात आमच्या मागीलदारी पाऊल दाबलं की त्याच्या खळग्यात पाणी जमतं. पोफळीच्या बुंध्याशी जागोजाग उपळ फुटतात. आणि तळ्यासाठी मी जी जागा नेमली तिच्यापासून तीस फुटांवर विहीर आहे, जिच्यात मे महिन्यात रहाटाचा दोर संपत नाही आणि जुलैत काठावर बसून तांब्याने पाणी घेता येतं.

ही विहीर मी जन्मापासून पाहतो आहे. तिच्यातलं पाणी जुलैत काठापर्यंत येतं, म्हणजे तिच्या शेजारच्या जमिनीतही ते तेवढंच वर आलेलं असणार, हे समजायला शिक्षण लागत नाही. मला ते समजलं नाही. माझ्या लेखी विहीर हे एक खातं होतं आणि जमीन हे दुसरं.

खणायला घेतलं ते एप्रिलच्या शेवटी. पाणंदीतून यंत्र येईना, म्हणून चार माणसं लावली. 20 फूट लांब, 12 फूट रुंद, 4 फूट खोल. वरची माती पोफळीच्या मुळांनी घोंगडीसारखी विणलेली, तिच्याखाली मुरमाड जांभा, आणि तळाला गुलाबी-पिवळसर चिकणमाती. ती हाताला गार लागत होती. खणणाऱ्यातला एक म्हातारा तिचा गोळा वळत म्हणाला, "हिच्यात पानी हाय." मी म्हटलं, "असू दे की, तळंच करायचंय." सगळे हसले. मला वाटलं, माझ्या विनोदाला हसले.

काकूने एवढंच विचारलं, "कागद कशाला? खड्डा मार, पाणी आपोआप येईल." मी तिला समजावून सांगितलं, की पाणी येईल हे खरं, पण दिवाळीनंतर जाईलही, जमिनीतली पातळी उतरली की खड्डा कोरडा. उन्हाळ्यात पाणी टिकवायचं तर अस्तर हवं. हे बरोबरच होतं, आजही मी त्यावर ठाम आहे. फक्त मी वर्षातल्या आठ महिन्यांचा विचार केला होता, आणि राहिलेले चार महिने कोकणातले होते.

कागद अंथरण्याचा दिवस घरात कार्य असल्यासारखा गेला. लांबी अधिक दोन वेळा खोली अधिक दोन्ही काठांना दोन-दोन फूट, असा हिशेब करून 32 फूट बाय 24 फुटांचा तुकडा आणला होता. वजन तेहेतीस-चौतीस किलो, पण सहा माणसांना तो आवरेना. उन्हात तापून त्याला वास सुटला होता. पायात बूट-चप्पल घालून आत उतरायचं नाही असा माझा हुकूम होता, आणि अनवाणी उतरायचं तर तो तव्यासारखा तापलेला. त्यामुळे सहाही जण एखाद्या पंगतीत गरम वरण सांडल्यासारखे नाचत नाचत कोपरे ओढत होते. कोपऱ्यात घड्या पडतात त्या कशा घालायच्या यावर दोन मतं झाली. एकाचं मत पुडा बांधल्यासारखी घडी घालावी, दुसऱ्याचं साडीच्या निऱ्यांसारखी. बायकोने बाहेरून पाहून निकाल दिला, निऱ्या. भोवती चर खणून काठ त्यात पुरले, वर माती दाबली. विहिरीतून गुडघाभर पाणी सोडलं. त्याहून जास्त द्यायला मे महिन्यात काकू तयार नव्हती, आणि ते रास्तच होतं.

मृग लागला, आर्द्रा आल्या. तळं भरलं, पण कशाने? काठ मी जमिनीलगत ठेवला होता, दिसायला नैसर्गिक दिसावं म्हणून. त्यामुळे साऱ्या आगरातलं लाल पाणी वाहून आत आलं. पाण्याचा रंग रेल्वे स्टेशनवरच्या चहासारखा झाला, आणि त्यात पोफळीच्या झावळ्यांचे तुकडे, एक चप्पल आणि कुणाचा तरी चेंडू तरंगू लागला. अशात मेहुण्याचा फोन आला, पुढच्या आठवड्यात येतो म्हणून. सांगोल्याच्या माणसाला मी हे तळं दाखवणार? पावसाने दुपारी उघडीप दिली तशी मी पंप लावला. सगळं पाणी उपसून, कागद धुऊन, स्वच्छ पाणी भरायचं ठरवलं.

इथे एक चमत्कारिक गोष्ट घडली, जिच्याकडे लक्ष द्यायला हवं होतं. पंप तीन तास चालला. व्हाळाच्या बाजूला पाण्याचा लोंढा पडत होता, पण तळ्यातली पातळी उतरायचं नाव घेईना. गडी म्हणाला, "दादा, पानी सरत कसा नाय?" मी पंपाला दोष दिला. पंप वीस वर्षांचा होता आणि त्याला दोष घ्यायची सवय होती. खरं म्हणजे वरचं पाणी जसजसं कमी होत होतं तसतसा कागद खालून वर येत होता. तळ्यातलं पाणी मी काढत होतो, आणि तळंही बरोबर वर येत होतं. संध्याकाळी वीज गेली, पंप थांबला, मी जेवून झोपलो. रात्री तो तरणा पाऊस पडला, आणि सकाळी म्हैस उभी.

त्या दिवशी मी केलेल्या मूर्खपणाची नोंद राहिलीच पाहिजे. पहिल्यांदा मी दगड टाकले. घरामागे चिऱ्याची रास होती, एकेक चिरा तीसेक किलोचा. कागद फाटू नये म्हणून त्यांना गोणपाटात गुंडाळून, दोरीने अलगद सोडले. चिरा जिथे पडे तिथे म्हैस बसे आणि शेजारी उठे. आठ चिऱ्यांनंतर तिला आठ खळगे पडले होते आणि ती पूर्वीपेक्षा मोठी दिसत होती. आर्किमिडीज शाळेत पाठ केला होता. चिरा पाण्यात शिरला की जवळजवळ निम्मं वजन पाण्याला देऊन बसतो हे परीक्षेत लिहिलंही होतं. पण परीक्षेतल्या पाण्यात म्हशी नव्हत्या. मग मी उरलंसुरलं पाणी उपसायला पुन्हा पंप लावला, की आत उतरून पाहता येईल. म्हैस आणखी हातभर वाढली. मग मात्र मी पंप बंद केला, आणि ओटीवर येऊन कागद-पेन्सिल घेतली. हा दुसरा कागद, लिहायचा.

हिशेब मांडला तो असा. पाण्याच्या दोन बाजू आहेत, कागदाच्या वरची आणि खालची. त्या सारख्या असल्या तर कागद निवांत. खालची फूटभर जास्त झाली तर दर चौरस मीटरला 300 किलोंचा रेटा वर येतो. त्याला अडवायला कागदाचं वजन किती? चौरस मीटरला अर्धा किलोसुद्धा नाही. त्यातही हे प्लास्टिक मुळात पाण्याहून हलकं. लिटरभर पाणी एक किलो, तर लिटरभर हे प्लास्टिक साधारण साडेनऊशे ग्रॅम. म्हणजे कुणी रेटा दिला नाही तरी त्याला तरंगायचंच असतं.

आणि खालची बाजू इतकी लवकर वाढते कशी? याने मला रात्री जागवलं. तळ्यावर चार इंच पाऊस पडला तर तळं चार इंच भरतं, यात वाद नाही. पण तोच पाऊस जमिनीत मुरतो तेव्हा त्याला राहायला सगळी जागा मिळत नाही. माती-दगडांनी बहुतेक जागा आधीच अडवलेली असते, उरलेल्या भेगाभोकांत त्याला बसायचं असतं. दहा भागांत एक भाग पोकळी मोकळी असेल, तर ते चार इंच जमिनीत चाळीस इंच चढतात. चाळीत पाहुणे आले की दाटी लगेच दिसते, बंगल्यात दिसत नाही, तसंच. शिवाय सड्यावर पडलेलं पाणीही खालून पाझरत आमच्याकडेच येतं. म्हणून कोकणातल्या एका रात्रीत तळ्याला जमत नाही ते जमिनीला जमतं. आणि मी तर तळं रिकामं करून ठेवलं होतं. जन्मभर दोन बाजू जुळवून पगार घेतलेल्या माणसाने एक बाजू स्वतःच्या हाताने पंप लावून उपसली होती.

हे सगळं मी सकाळी काकूला समजावून सांगू लागलो. ती तांदूळ निवडत होती. अर्ध्यावर तिने हात थांबवला. "म्हणजे पाणी काढलंस म्हणून ती आली?"

"हो."

"मग पाणी घाल, जाईल."

तिने पुन्हा तांदळात हात घातला. माझी तीन पानं आकडेमोड उरली होती, ती मी घडी करून ठेवून दिली.

पुढचे दोन दिवस गावाने जे पाहिलं ते गाव अजून विसरलेलं नाही. मुसळधार पाऊस पडतो आहे, व्हाळ दुथडी वाहतो आहे, विहीर काठोकाठ भरली आहे, आणि बँकेतून निवृत्त झालेला एक माणूस डोक्यावर छत्री धरून विहिरीचं पाणी पंपाने तळ्यात भरतो आहे. पाणंदीतून जाणारे गडग्यापाशी थांबत. कुणी काही बोलत नसे. पावसात उभं राहून बघण्यासारखं होतं एवढं त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. एकाने फक्त विचारलं, "पाऊस कमी पडतोय काय?" मी म्हटलं, "थोडा." तो मान हलवून गेला.

पण म्हैस बसली. हळूहळू, नाराजीने, पाणी चढेल तशी बसली. तिच्या पोटात पाण्याबरोबर हवाही होती. ती काठच्या निऱ्यांमधून ढेकर दिल्यासारखी गडगडत बाहेर पडली. एका ढेकराबरोबर कुजलेल्या मुळांचा वासही आला, आणि गड्याने नाकाला टॉवेल लावून सांगितलं, "दादा, तिला अपचन झालं होतं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळं काठोकाठ भरलेलं, गढूळ, सपाट आणि निरुपद्रवी दिसत होतं. मेहुणा आला तेव्हा त्याने चहाच्या रंगाचं पाणी पाहिलं आणि विचारलं, "कमळं?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी."

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल अशी म्हण आहे. पाण्यातल्या म्हशीचा सौदा करू नये, हा तिचा अर्थ. माझा सौदा आधी झाला होता, म्हैस नंतर कळली.

उपाय सांगितला तो गवंड्याने, दसऱ्यानंतर. तो आमच्या न्हाणीघराची भिंत दुरुस्त करायला आला होता. त्याने सगळी हकीकत ऐकली, बिडी पेटवली आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही सांगोल्याला कुठल्या घाटातून जाता?"

"कुंभार्लीतून."

"तिथं रस्त्याच्या कडेला भिंती हायत. त्यांना भोकं कशाला ठेवतात?"

मी कुंभार्ली घाट शेकडो वेळा चढलो-उतरलो असेन. संरक्षक भिंतीतल्या त्या भोकांतून पावसाळ्यात पिचकाऱ्या उडतात, त्या पाहून मुलं लहानपणी ओरडायची, आणि मी म्हणायचो, "छान दिसतं नाही?" ती भोकं डोंगरातलं पाणी भिंतीला रेटू नये म्हणून असतात. पाणी कोंडलं तर भिंत ढकलली जाते. वाट दिली तर ते मुकाट्याने जातं. सांगोल्याला तळं बघायला जाताना मी वाटेत त्याचा उपाय मोटारीच्या काचेतून पाहत गेलो होतो.

मला मग आणखी एक आठवलं. नोकरीत तीन वर्षं गोव्यात होतो. तिथल्या खाजण जमिनींना खाडीच्या बांधात लाकडी झडपांचं दार असतं, त्याला मानस म्हणतात. भरती आली की बाहेरचं पाणी ते दार दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पाणी ते ढकलून उघडतं. उघडझाप करायला माणूस नाही, वीज नाही. जी बाजू जड ती दाराला सांगते काय करायचं. शतकानुशतकं भातशेती त्यावर चालली. त्या दारासमोर उभं राहून आम्ही बँकेतले चार जण फोटो काढून घेतले होते. फोटो अजून आहे. त्यात आम्ही दाराला पाठ करून उभे आहोत.

दुरुस्तीचं काम एप्रिलपर्यंत थांबलं, कारण जमिनीतली पातळी उतरल्याशिवाय कागद उचलण्यात अर्थ नव्हता. एवढं शहाणपण आता आलं होतं. कागद गुंडाळला तेव्हा खाली काळा, घाणेरडा राडा निघाला, आणि त्यात एक खेकडा, जो वर्षभर माझ्या तळ्याखाली बिनभाड्याने राहत होता. तळाच्या मधोमध लांबीने चर खणला आणि तो तसाच पुढे व्हाळापर्यंत नेला, चाळीस फूट. व्हाळाचा काठ तिथे सहा फूट खाली आहे, म्हणून हे जमलं. सपाट जागी तळ्याखालचं पाणी न्यायला जागाच नसते. तिथे तळं खणण्यापेक्षा बांध घालून जमिनीच्या वर उचललेलं बरं, असं माझं आता मत आहे. उतार बघायला गवंड्याने पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोघांच्या हातात दिली. नळीतलं पाणी दोन्हीकडे सारख्या उंचीला येऊन थांबलं. मी ते बराच वेळ बघत राहिलो. "काय झालं?" गवंडी म्हणाला. "काही नाही," मी म्हटलं.

चरात चार इंची पाइप बसवला, त्याला भोकं पाडली, भोवती खडी भरली. खडीत माती जाऊ नये म्हणून भोवती काहीतरी गुंडाळायला हवं होतं. काकूने आपलं जुनं नऊवारी आणून दिलं. गवंड्याने ते दोन्ही हातांनी कपाळाला लावून परत केलं. सुती कापड दोन पावसांत कुजतं आणि भोकं बुजवतं. नायलॉनची जाळी आणली. वर वाळूचा थर, त्यावर तोच कागद, पुन्हा निऱ्या घालून. या खेपेला काठ चिऱ्याच्या एका थराने फूटभर उंच केला, आगराचं पाणी आत येऊ नये म्हणून. नैसर्गिक दिसत नाही. पण चहाही दिसत नाही.

काकूला एकच धास्ती होती. "माझी विहीर आटवशील हां त्या पाइपाने." तिची शंका साधी नव्हती; दोन दिवस मी विहिरीत दोरी सोडून मापं घेतली. पाइप तळ्याच्या तळाएवढा, म्हणजे जमिनीखाली चार-पाच फुटांवर आहे. विहीर त्याच्या कितीतरी खाली जाते. जमिनीतलं पाणी चार फुटांच्या वर आलं तरच पाइप ते पाहणार, खाली गेलं की त्याचा संबंध संपला. पावसाळ्यात जे पाणी आम्हाला नको असतं, तेवढंच तो नेतो. काकूने ऐकून घेतलं. तरी त्या वर्षी ती रोज सकाळी विहिरीत डोकावून मग चहा घेत असे.

दुसऱ्या पावसाळ्यात म्हैस आली नाही. पुनर्वसूतल्या तसल्याच एका रात्री मी कंदील घेऊन दोनदा जाऊन आलो. तळं सपाट. व्हाळाच्या बाजूला मात्र पाइपाच्या तोंडातून मनगटाएवढी धार पडत होती, आणि पाणी इतकं नितळ की खालच्या दगडावरचं शेवाळ मोजता येईल. धार पडते तिथे जुनी दगडी डोण ठेवली. बायकोने तिथे भांडी विसळायला सुरुवात केली, मग भाजी धुवायला, मग नुसतं बसायलाही.

तळ्यात मी कमळाचे कंद लावले आणि डासांसाठी आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणले. गप्पी अंडी घालत नाहीत, सरळ पिल्लंच देतात, आणि त्यात वेळ घालवत नाहीत. दहांचे किती झाले ते मी मोजणं सोडलं. कमळाला पहिल्या वर्षी पानं आली, फूल आलं नाही. काठावर दोन खुर्च्या ठेवल्या. सगळं तयार होतं. पण पाणकोंबडी आली ती पाइपाच्या तोंडाशी, पिल्लांसकट. चतुर तिथेच घिरट्या घालत. पावसाळ्याच्या सुरुवातीला मोठे बेडूक हळदीसारखे पिवळे होऊन गळ्याचे निळे फुगे फुगवतात, तेही सगळे डोणीभोवती बसून रात्रभर ओरडले. गावातली एक खरी म्हैसही गडगा ओलांडून आली, तळ्याकडे बघून पुढे गेली आणि डोणीत तोंड घातलं. मी एवढा खर्च केला तो तळ्यावर. गर्दी मात्र सांडपाण्यावर.

मार्गशीर्षात धार बारीक झाली आणि पौषात थांबली. डोण कोरडी पडली तशी पाणकोंबडी एका सकाळी तळ्याच्या काठावर दिसली. मग ढोकरी आली, आणि खंड्या चिऱ्यावर बसून गप्पींकडे बघू लागला. सध्या वैशाख चालू आहे. तळ्यात साडेतीन फूट पाणी आहे, दोन कळ्या आल्या आहेत. काकू संध्याकाळी दोनपैकी एका खुर्चीवर येऊन बसते. तळ्याला ती अजून म्हैसच म्हणते, "म्हशीला पाणी घातलंस का?" असं विचारते, आणि आता विहिरीचं पाणी द्यायला नाही म्हणत नाही.

परवा मृगाची तयारी म्हणून मी पाइपाचं तोंड साफ करायला गेलो. आत एक मोठा बेडूक बसला होता, बाहेर तोंड करून, वाट अडवून. त्याला धरून व्हाळापलीकडे सोडला. संध्याकाळी बघितलं तर तो परत येऊन बसला होता.